काविळीचे प्रकार व त्यांनुसार उपचार

मृग व आर्द्रा नक्षत्रांचे पाऊस पडून नदीनाल्यांस गढूळ पाणी आले, की त्यापुढे महिना-दीड महिन्याने, म्हणजे सोयाबीनचे निंदण व डवरणी ऐन भरात असता, आपल्याकडील खेड्यांतून काविळीचे रोगी दिसू लागतात. घरातील कर्ता मनुष्य अंथरुणास खिळतो, मजुरीचा खर्च वाढतो आणि हंगाम हातचा जातो. मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम काय किंवा वऱ्हाडातील दुसरे कोणतेही गाव काय, ह्या दुखण्याची ओळख नाही असे घर विरळाच. असे असूनही, डोळे पिवळे दिसताच घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘कोणाकडे उतरवून घ्यावी?’ हा. ‘ही कावीळ कोणत्या जातीची?’ असे बहुधा कोणी विचारीत नाही. उपचार मात्र सर्वस्वी ह्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

कपाशीचे पान लाल पडले म्हणजे ते तुडतुड्यांमुळे पडले, मॅग्नेशियमच्या उणिवेमुळे पडले की थंडीमुळे पडले, हे पाहिल्यावाचून शहाणा शेतकरी फवारणीचा पंप पाठीस लावीत नाही. रंग एक असला तरी कारणे निरनिराळी असतात, हे त्यास ठाऊक असते. पिवळ्या डोळ्यांचेही तसेच आहे. मासिकाच्या वाचकांनी पिकास जो न्याय लाविला तोच घरच्या मनुष्यास लावावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

कावीळ हे लक्षण होय

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी जुन्या होऊन मोडतात, तेव्हा त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य निघते. ते गोळा करून पित्तावाटे आतड्यात सोडण्याचे काम यकृत करीत असते. यकृतास सूज आली, पित्ताची वाट अडली, किंवा पेशी नेहमीपेक्षा फार वेगाने मोडू लागल्या, म्हणजे हे द्रव्य रक्तात साचते व डोळे, त्वचा आणि लघवी पिवळी होते. ह्यासच आपण कावीळ म्हणतो.

यकृताची सूज अनेक कारणांनी येते. मद्यपानाने येते, काही औषधांनी येते, आणि साचलेल्या पाण्यात व चिखलात अनवाणी काम करणाऱ्यास उंदरांच्या मूत्रातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस ह्या रोगानेही येते. पिवळा फॉस्फरस असलेले उंदीर मारण्याचे मलम पोटात गेल्यास दोन-चार दिवसांनी कावीळ दिसू लागते, आणि तो प्रसंग प्राणावर बेततो. पित्ताशयातील खडा सरकून पित्ताची वाट अडली तरी कावीळ होते. तीत अंगास खाज सुटते व शौचाचा रंग पांढुरका होतो. ह्या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. तथापि आपल्याकडे सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे विषाणूंपासून होणारा यकृतदाह. त्यासच डॉक्टर लोक व्हायरल हिपॅटायटिस म्हणतात.

ह्या विषाणूंच्या मुख्य जाती पाच असून त्यांस ए, बी, सी, डी व ई अशी अक्षरांची नावे दिलेली आहेत. लक्षात ठेवण्यास सोपे जावे म्हणून त्यांची दोन घराणी करावीत. ए आणि ई हे दूषित पाणी व अन्न ह्यांतून पोटात शिरतात. बी, सी आणि डी हे रक्तातून येतात. त्यांतील बी हा लैंगिक संबंधातून व प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकासही सहज जातो. पहिले घराणे गाजावाजा करीत येते आणि बहुधा आपल्या पावलांनी निघून जाते. दुसरे घराणे चोरपावलांनी येते, वर्षानुवर्षे घरात दडून बसते आणि शेवटी यकृताचा सांगाडा करून सोडते. उपचारातील सारा भेद ह्यातून उत्पन्न होतो.

ए आणि ई : औषध थोडे, सावधगिरी फार

१९५५ च्या अखेरीस दिल्ली शहरात काविळीची मोठी साथ आली. यमुनेच्या पात्रात फरक पडून शहराचे सांडपाणी पाणीपुरवठ्याच्या उपशापर्यंत पोहोचले होते. सुमारे २९,००० लोकांस उघड कावीळ झाली. विशेष हे की, त्या पाण्यास क्लोरीन दिलेले होते. विषमज्वरासारखे रोग त्याने रोखले गेले, परंतु हा विषाणू निसटला. त्या वेळी विषाणूचे नाव कोणास ठाऊक नव्हते. पुढे १९७८ साली काश्मीरमध्ये अशीच साथ आली असता डॉ. मोहम्मद सुलतान खुरू ह्यांनी तिचा अभ्यास केला आणि हा ए नव्हे, बी नव्हे, निराळाच विषाणू असावा असे दाखविले. त्यासच पुढे ई हे अक्षर मिळाले. दिल्लीच्या साथीतील साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने नंतर तपासले तेव्हा तीही ईचीच होती असे सिद्ध झाले. आपल्या महाराष्ट्रात २०१२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे ईचीच साथ येऊन हजारो लोक आजारी पडले व काही दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने ह्या विषाणूवर दीर्घकाळ संशोधन केलेले आहे.

दूषित पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत एच्या बाबतीत साधारण दोन ते सात आठवडे आणि ईच्या बाबतीत दोन ते दहा आठवडे जातात. म्हणून ज्येष्ठातील दूषित पाण्याचा परिणाम आषाढ-श्रावणात दिसतो आणि दोष मात्र कालच्या जेवणावर ठेविला जातो.

आता उपचाराचे पाहू. ए व नेहमीचा ई ह्यांवर विषाणू मारणारे खास औषध देण्याचा प्रघात नाही, कारण त्याची गरज पडत नाही. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती विषाणूस हाकून लावते व बहुतेक रोगी चार ते आठ आठवड्यांत बरे होतात. उपचार म्हणजे शरीरास त्या अवधीत आधार देणे. थकवा असेल तोवर विश्रांती घ्यावी. परंतु महिनाभर खाटेवरून उठूच नये असा दंडक नाही. उलट्या होत असल्यास थोडे थोडे पाणी, ताक, पेज, साखर-मिठाचे पाणी वारंवार द्यावे. सलाईन लागते ते केवळ तोंडाने काही राहत नसेल तर. सलाईनने कावीळ उतरत नाही.

आहारासंबंधी फार गैरसमज आहेत. तेल बंद, हळद बंद, वरण बंद, केवळ पाव व उसाचा रस, असे पथ्य महिनोन्‌महिने चालवून रोग्यास अशक्त करून टाकतात. हळदीच्या पिवळेपणाचा आणि काविळीच्या पिवळेपणाचा काही एक संबंध नाही. भाकरी, वरण-भात, दूध, अंडी, फळे, भाज्या असा साधा, ताजा व पचेल तेवढा आहार द्यावा. मळमळ असेपर्यंत तळलेले पदार्थ रोग्यास नकोसे वाटतात, म्हणून तेवढे दिवस ते टाळावेत, इतकेच. रस्त्यावरील गाड्यावरचा उसाचा रस तर बर्फासह घरी आणणे म्हणजे ज्या वाटेने रोग आला त्याच वाटेने पुन्हा बोलावणे होय.

मद्य पूर्ण बंद करावे आणि बरे वाटल्यावरही काही महिने त्यास शिवू नये. अंगदुखीच्या व तापाच्या गोळ्या दुकानातून आणून स्वतःच्या मताने घेऊ नयेत; पॅरासिटॅमॉलसारखी साधी गोळीदेखील अधिक मात्रेत यकृतास घातक ठरते. जोरकस म्हणून दिली जाणारी स्टिरॉइडची सुई ह्या रोगात लाभ देत नाही, आणि ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांनी रोगाची मुदत कमी होते असे सिद्ध झालेले नाही.

एवर चांगली लस उपलब्ध आहे. घरात रोगी निघाल्यास इतरांस ती दोन आठवड्यांच्या आत दिली तर उपयोग होतो. कोणास द्यावी हे डॉक्टरांस विचारावे. ईची लस चीनमध्ये २०११ साली मान्य झाली, परंतु आपल्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. यास्तव ईच्या बाबतीत शुद्ध पाणी हाच आपला बंदोबस्त.

गरोदर स्त्री : येथे एक दिवसही थांबू नये

ई विषाणूचा एक अपवाद प्रत्येक घराने पक्का ध्यानात ठेवावा. एरवी सौम्य असणारा हा रोग गरोदर स्त्रीस, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, अतिशय उग्र होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे अशा स्थितीत शंभर स्त्रियांपैकी वीस ते पंचवीसपर्यंत दगावू शकतात. ज्या उपचाराने शेजारच्या तरुणाची कावीळ ‘उतरली’, तो ह्या माउलीवर करून पाहण्यास वेळ नसतो. गरोदर स्त्रीचे डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी, १०२ किंवा १०८ क्रमांकाची गाडी बोलावून, जेथे प्रसूतीची व अतिदक्षतेची सोय आहे अशा मोठ्या रुग्णालयात न्यावे. बाळंतपणास माहेरी आलेली लेक असेल तर सासरच्या माणसांची वाट पाहत बसू नये.

ज्यास पूर्वीपासून यकृताचा जुनाट रोग आहे किंवा जो नित्य मद्यपान करतो, त्यासही ए किंवा ई झाला असता असाच धोका असतो.

झाडपाल्याचे श्रेय कोणाचे?

येथे एका नाजूक विषयास हात घालणे भाग आहे. आपल्या भागात कावीळ उतरविणारे लोक पुष्कळ आहेत. कोणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पाणी पिवळे करून दाखवितो. कोणी गळ्यात काड्यांची माळ घालतो व ती दिवसेंदिवस लांब होत जाते. कोणी देवडांगरी किंवा कडू दोडकीच्या रसाचे थेंब नाकात सोडतो व नाकातून पिवळे पाणी वाहते. कोणी तर तापल्या सळईने डाग देतो. ह्यांतील कित्येकजण पैसाही घेत नाहीत, त्यांचा हेतू सेवेचाच असतो. परंतु हेतू आणि परिणाम ह्यांचा हिशेब निरनिराळा ठेवावा लागतो.

काही वनस्पतींच्या, उदाहरणार्थ आंब्याच्या सालीच्या, रसाचा चुन्याशी संयोग झाला म्हणजे पिवळा रंग उत्पन्न होतो. निरोगी मनुष्याचे हात त्याच रीतीने धुतले तरी पाणी पिवळेच होईल. माळेतील ओल्या काड्या वाळून आकसतात, त्यांवरील गाठी सैल होतात व दोरा मोकळा होऊन माळ वाढते. ती खुंटीस टांगून ठेविली तरी वाढेल. ज्यास शंका असेल त्याने हे दोन्ही प्रयोग घरी करून पाहावेत. नाकातील रसाने आतील नाजूक त्वचा पोळते आणि तिचा स्राव वाहतो. तो काही यकृतातील पित्ताचा निचरा नव्हे. डागाने तर जखम होते व ती चिघळते.

मग रोगी बरे होतात ते कसे? उत्तर वर येऊन गेलेच आहे. शंभर काविळींपैकी बहुसंख्य ए व ईच्या असतात आणि त्या आपोआप बऱ्या होतात. पाऊस आपल्या वेळेवर पडला व त्याचे श्रेय आदल्या दिवशी ढोल वाजविणाऱ्यास मिळाले, असा हा प्रकार आहे. बरे झालेले लोक गावभर सांगतात. जे दगावले ते सांगावयास येत नाहीत.

भुईआवळीसंबंधी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण ती आपल्या बांधाबांधावर उगवते व आयुर्वेदात तिचा मान आहे. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी, बी विषाणूच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविलेले डॉ. बरूच ब्लूमबर्ग ह्यांच्या सहकार्याने, तिचा बीवर उपयोग होतो असे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यामुळे मोठी आशा उत्पन्न झाली. परंतु नंतर इतरत्र केलेल्या चाचण्यांत तो गुण आढळून आला नाही. आपल्या वनस्पतींची शास्त्राने उपेक्षा केली असे म्हणता येत नाही. तिची कसोटी घेतली गेली आणि त्या कसोटीस ती उतरली नाही. यास्तव भुईआवळीच्या भरवशावर बीची खरी औषधे सोडू नयेत.

बी : दाबून ठेवता येतो, म्हणून गोळी सोडू नये

बी विषाणू रक्तावाटे येतो. न उकळलेली किंवा एकदा वापरलेली सुई, न्हाव्याचा न बदललेला वस्तरा, जत्रेतील गोंदणाची सुई, कान टोचणाऱ्याची तार, ही त्याची वाहने. शेजारच्या गुजरात राज्यात मोडासा भागात २००९ साली बीची साथ येऊन अनेक लोक मृत्यू पावले. वापरलेल्या सुया व सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्या हे तिचे कारण आढळले. आपल्याकडे साध्या तापासही सुईचा आग्रह धरण्याची जी सवय आहे, तिचा ह्या दृष्टीने विचार व्हावा. सुई आवश्यकच असेल तर नवे पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडावयास सांगण्यात संकोच कसला?

प्रौढ मनुष्यास बी झाला तर शंभरापैकी पंच्याण्णवांच्या आसपास लोक आपोआप बरे होतात. त्या तीव्र अवस्थेत बहुधा खास औषध लागत नाही, फक्त देखरेख लागते. परंतु जन्मतः मातेकडून ज्या बालकास तो जडतो, त्यांपैकी शंभरात नव्वदांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम करितो. अशा मनुष्यास वीस-तीस वर्षे काहीही त्रास होत नाही. आतल्या आत यकृत घट्ट व गाठाळ होत जाते, पोटात पाणी भरते, रक्ताची उलटी होते किंवा यकृताचा कर्करोग होतो, तेव्हा कोठे रोग उघडकीस येतो. डोळे पिवळे होतील तेव्हा पाहू, असे म्हणणाऱ्यास हा रोग सापडतच नाही.

जुनाट बीवर टेनोफोव्हिर व एन्टेकॅव्हिर ही मुख्य औषधे आहेत. रोज एक गोळी घ्यावयाची असते. तिने विषाणूची वाढ थांबते, यकृताची झीज मंदावते व कर्करोगाचा संभव कमी होतो. मात्र विषाणू मुळासकट क्वचितच जातो; म्हणून ही गोळी अनेक वर्षे, कित्येकांस जन्मभर घ्यावी लागते. बरे वाटले म्हणून किंवा शेतीच्या घाईत संपली म्हणून ती अचानक सोडली, तर दबलेला विषाणू उसळून यकृत एकाएकी निकामी होण्याची भीती असते. मधुमेहाची गोळी ज्या निष्ठेने घेतली जाते त्याच निष्ठेने ही घ्यावी, आणि ठरल्या वेळी मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी.

दुसरी गोष्ट, बी असलेल्या प्रत्येकास गोळी लागतेच असे नाही. विषाणूची रक्तातील संख्या, यकृताची सूज व यकृताचा घट्टपणा पाहून डॉक्टर निर्णय करितात. ज्यास गोळी लागत नाही त्यानेही तपासणी सोडू नये. यकृत गाठाळ झालेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, म्हणजे कर्करोग निघालाच तर लहान असता सापडतो. तसेच कर्करोगावरील औषधे किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड सुरू करण्यापूर्वी बीची तपासणी अवश्य करवून घ्यावी, कारण त्या औषधांनी निद्रिस्त बी जागा होतो.

बीवरील खरा विजय लसीचा आहे. बालकास जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पहिला डोस, आणि नंतर सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पंचगुणी (पेंटाव्हॅलेंट) लसीतून पुढील डोस सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. माता बीबाधित असेल तर बालकास लसीबरोबरच तयार प्रतिद्रव्याची, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनची, सुईही लवकर द्यावी लागते, आणि मातेच्या रक्तात विषाणू फार असतील तर तिला गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत टेनोफोव्हिर देतात. एवढे केले तर बहुतेक बालके वाचतात, आणि माता त्यांस स्तनपानही करू शकते. म्हणूनच प्रत्येक गरोदर स्त्रीची ही तपासणी झाली पाहिजे. घरातील बाधित मनुष्याच्या पती-पत्नीने व इतरांनी तपासणी करून, रोग नसल्यास, तीन डोसांची लस घ्यावी. त्याचे ताट-वाटी वेगळे करण्याचे कारण नाही. एकत्र जेवल्याने किंवा हात लावल्याने बी होत नाही. फक्त वस्तरा, ब्लेड, दात घासण्याचा ब्रश व नखे काढण्याची हत्यारे वेगळी असावीत.

सी : जो आज बरा होतो

सी विषाणूचा शोध १९८९ साली लागला आणि त्या कामाबद्दल हार्वे आल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस ह्यांस २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. साहजिकच, १९८९ पूर्वी ज्यांस रक्त चढविले गेले त्यांचे रक्त सीसाठी तपासले जाणे शक्यच नव्हते. अशा वृद्धांनी, तसेच ज्यांचे वारंवार डायलिसिस होते किंवा ज्यांनी वापरलेल्या सुया टोचून घेतल्या आहेत त्यांनी, एकदा तपासणी करून घ्यावी. सी जडलेल्या शंभरांपैकी सुमारे सत्तरांच्या शरीरात तो जुनाट होतो, आणि बीप्रमाणेच मुकाट्याने यकृत पोखरतो. त्यावर लस नाही.

परंतु औषधाच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत जे घडले ते आशादायक आहे. पूर्वी इंटरफेरॉनच्या सुया सहा महिने ते वर्षभर घ्याव्या लागत, त्यांचा त्रास फार आणि गुण साधारण निम्म्यांसच. २०१३ च्या अखेरीस सोफोस्बुव्हिर नावाची गोळी अमेरिकेत आली. बारा आठवड्यांच्या मात्रेची तेथील किंमत ८४,००० डॉलर होती. पुढे भारतीय औषधकारखान्यांस परवाने मिळून २०१५ पासून तीच गोळी आपल्या देशात अत्यल्प किमतीत तयार होऊ लागली. आज सोफोस्बुव्हिर व डॅक्लाटास्व्हिर, किंवा सोफोस्बुव्हिर व व्हेल्पाटास्व्हिर, ह्या जोडगोळ्या साधारणपणे बारा आठवडे घ्याव्या लागतात. यकृत फार बिघडले असल्यास मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढते किंवा रिबाव्हिरिनची जोड देतात. शंभरापैकी पंच्याण्णवांच्या आसपास रोगी पूर्ण बरे होतात.

औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी विषाणूची, म्हणजे आर.एन.ए.ची, तपासणी करावयाची. तीत विषाणू आढळला नाही म्हणजे रोग गेला. मात्र प्रतिद्रव्याची साधी चाचणी त्यानंतरही जन्मभर सकारात्मक येत राहते. तिला घाबरून कोणी पुन्हा औषध घेऊ नये. एकदा बरे झाल्याने पुढचे संरक्षण मिळत नाही, म्हणून सुईची सावधगिरी कायम ठेवावी. औषधापूर्वी बीची तपासणीही होणे आवश्यक आहे, कारण सी गेल्यावर दडलेला बी डोके वर काढू शकतो.

राहता राहिला डी. हा परोपजीवी विषाणू होय. अमरवेल जशी दुसऱ्या झाडावाचून जगत नाही, तसा हा बीवाचून वाढत नाही. बीवर डी चढला म्हणजे रोग उग्र होतो व उपचार अवघड असतात. इंटरफेरॉनचा दीर्घकाळ वापर करावा लागतो आणि गुण सर्वांस येत नाही. परंतु बीची लस घेतली त्यास डीचे भय उरत नाही.

तपासणी कोठे व कोणती?

कावीळ दिसताच डॉक्टरांस पुढील चार गोष्टी विचाराव्यात. बिलिरुबिन व यकृताच्या एन्झाइमांची तपासणी. रक्त गोठण्याच्या वेळेची तपासणी, जिला पी.टी. किंवा आय.एन.आर. म्हणतात, एच.बी.एस.ए.जी. व सीच्या प्रतिद्रव्याची तपासणी; आणि आवश्यक वाटल्यास ए व ईची तपासणी. ह्यांपैकी रक्त गोठण्याची तपासणी फार महत्त्वाची, कारण यकृताची शक्ती किती उरली आहे हे ती बिलिरुबिनपेक्षा अधिक स्पष्ट सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक बीने आणि ५५ लाख लोक सीने बाधित होते. ह्यासाठीच २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याअन्वये बी व सीची तपासणी आणि औषधे सरकारी उपचारकेंद्रांत विनामूल्य देण्याची योजना आहे. आपल्या भागातील लोकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा मेहकरच्या सरकारी रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. जमीन गहाण टाकून खासगी औषध घेण्यापूर्वी ही चौकशी करणे केव्हाही शहाणपणाचे.

पुढील लक्षणे दिसली तर कोणत्याही जातीची कावीळ असो, रोग्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे : उलट्या न थांबणे; दिवसा झोप व रात्री जागरण; असंबद्ध बोलणे, गुंगी; हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त; काळी शौच; पोट फुगणे; लघवी कमी होणे; कावीळ वाढत असता ताप कायम राहणे. ही यकृत निकामी होत असल्याची चिन्हे असू शकतात, आणि तेव्हा कधी कधी यकृतरोपण एवढाच मार्ग उरतो.

विहिरीचा हिशेब

ए व ई ह्यांस रोखणे आपल्या हाती आहे. ज्या घरी रोगी आहे तेथे पाणी खळखळून उकळून प्यावे. रोग्याने इतरांसाठी स्वयंपाक करू नये. शौचानंतर साबणाने हात धुवावेत. गावच्या विहिरीस ब्लीचिंग पावडर टाकावयाची तर अंदाजपंचे टाकू नये. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीने व ३.१४ ने गुणावे आणि ४ ने भागावे. आलेल्या आकड्यास १,००० ने गुणले म्हणजे लिटर निघतात. दर १,००० लिटरांस चांगल्या प्रतीची पावडर २.५ ग्रॅम लागते. चार मीटर व्यासाच्या व पाच मीटर पाणी असलेल्या विहिरीत ६२,८०० लिटर पाणी असते. तीस सुमारे १५७ ग्रॅम पावडर पुरते. ती बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळी विहिरीत सोडावी, तासाभराने ओ.टी. चाचणीने क्लोरीन उरला आहे की नाही ते पाहावे. परंतु दिल्लीची गोष्ट विसरू नये : गढूळ व सांडपाणी मिसळलेल्या पाण्यास केवळ पावडर पुरत नाही. गटार, उकिरडा व शौचालयाचा खड्डा विहिरीपासून आणि नळाच्या फुटक्या वाहिनीपासून दूर ठेवणे हे पहिले काम. हिवरा आश्रम येथे विवेकानंद जयंतीच्या उत्सवास लाखो भाविक एकत्र बसून महाप्रसाद घेतात. जेथे एवढी पंगत बसते तेथे पाणी वाढणाऱ्या हातावर फार मोठी जबाबदारी असते, हे उत्सवात सेवा करणाऱ्या प्रत्येक गावकऱ्याने जाणावे.

तात्पर्य असे की, पाण्यातून आलेली कावीळ औषधापेक्षा देखरेख मागते, आणि तीत गरोदर स्त्रीस क्षणाचाही विलंब परवडत नाही. बीला रोजची गोळी व बालकास लस हवी. सी बारा आठवड्यांत बरा होतो, पण त्याचा पत्ता लागला तर. ह्या तिन्हींचा निवाडा रक्ताच्या एका तपासणीने होतो. येत्या हंगामात घरी कोणाचे डोळे पिवळे दिसले, तर माळ शोधण्यास माणूस पाठविण्याआधी रोग्यास रक्ततपासणीस पाठवावे, एवढी विनंती.